घरचं खाणं ऑनलाइन विकायचंय? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहापूर-वडगावपासून खानापूर, संकेश्वर, निपाणीपर्यंत घरी चटण्या, भाकरी, लाडू करून विकणाऱ्या बायका (आणि आताशा बरेच बाप्येही) पहिली वेबसाइट काढताना जे विचारतात, ते इथे एका जागी लिहिलं आहे. उत्तरं कर्नाटकात स्वयंपाकघर असलेल्यांना धरून आहेत. महाराष्ट्रातल्या शिनोळी, चंदगड, कागल बाजूच्यांनी राज्यांची नावं उलटी करून वाचावीत, फक्त पिनकोड आणि कन्नड लेबलचा नियम तेवढा कर्नाटकाचाच.

व्हॉट्सअ‍ॅपवर चाललंय की सगळं. वेबसाइट कशाला?

गिऱ्हाईक गल्लीतलं, पाहुण्यांतलं आणि त्यांच्या ओळखीतलं असेल तर नकोच. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कॅटलॉग फुकट मिळतो, त्यात फोटो आणि दर टाका, झालं.

वेबसाइटची गरज अनोळखी माणसं विचारायला लागली की भासते. "किती दिवस टिकते?", "पुण्याला पाठवता का?", "लसूण न घातलेली आहे का?" हे रोज तेच ते, आणि तेही हात पिठात असताना. त्यात एकीने चटणी अर्धा किलो सांगितली होती की पाव, हे हुडकायला जुने मेसेज वर-खाली करत बसायचं. इथपर्यंत आलात तर वेबसाइट काढा. त्याआधी काढली तर ती बघायला घरचेच येतात.

सुरुवात कोणत्या पदार्थाने करावी? मला पंचवीस प्रकार येतात.

पंचवीस येऊ देत, वेबसाइटवर तीन ठेवा. निवड चवीवर करू नका, टिकण्यावर आणि प्रवासावर करा.

बेळगावचं नाव कुंद्याने झालं, म्हणून बहुतेकींना कुंद्यानेच सुरुवात करावीशी वाटते. पण कुंदा दुधाचा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस कुरिअरच्या गोदामात पडला तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय तिथे जुन्या, नावाजलेल्या दुकानांशी गाठ आहे. मांडे त्याहून अवघड. खापरीवर भाजलेला तो कागदासारखा पदर घडी घालून हातात द्यायचा असतो, पार्सलच्या ट्रकमध्ये त्याचा चुरा ठरलेला. हे दोन्ही शहरातल्या शहरात घरपोच देण्याचे पदार्थ आहेत, तेवढेच ठेवा.

दूर पाठवायला शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, जोंधळ्याची कडक भाकरी, संकेश्वरी किंवा ब्याडगी मिरचीचं तिखट आणि मसाला, डिंकाचे लाडू, गोकाकच्या धर्तीचं करदंट हे उत्तम. करदंटात गूळ, डिंक, सुकामेवा. पाणी जवळजवळ नाहीच, म्हणून ते टिकतं.

चटणीबद्दल एक सांगायला हवं. उखळात कुटलेल्या शेंगाचटणीला तेल सुटतं, चमच्याने दाबली की कडेने चकाकतं, आणि गिऱ्हाईक त्यालाच भुलतं. पण तेच तेल हवा आणि उजेड लागला की खवट होतं. त्यात लसूण ओला राहिला तर बुरशीचा धोका वेगळा. लसूण परतून घ्या, कुटलेली चटणी पूर्ण गार होऊ द्या, मगच पाकीट सील करा. गरम भरली तर आत वाफ धरते. एकाच घाण्यातली काही पाकिटं तारीख टाकून बाजूला ठेवायची आणि दर आठवड्याला एक फोडून वास-चव बघायची. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा हे केलंत की पाकिटावर कोणती तारीख छापायची ते कळेल. धंदा वाढला की प्रयोगशाळेतून तपासून घ्या, पण सुरुवात या पाकिटांनी करा. जुलैतल्या खानापूरच्या हवेत कडक भाकरी एका रात्रीत मऊ पडते, म्हणून भाकरीची चाचणी पावसातच घ्यायची.

अन्नपरवाना घरच्या स्वयंपाकघरालाही लागतो?

लागतो. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात घर आणि कारखाना असा भेद नाही, विकायला केलं की तो व्यवसाय. लहान व्यावसायिकासाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी असते. २०११ च्या नियमांत तिची मर्यादा वर्षाला १२ लाखांची उलाढाल आणि फी वर्षाला १०० रुपये अशी ठेवली होती. हे आकडे सरकार बदलत असतं, म्हणून अर्जाच्या दिवशी फॉस्कॉस या अन्नपरवान्याच्या सरकारी पोर्टलवर चालू आकडा बघून घ्या. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा एवढ्यावर अर्ज होतो. घर भाड्याचं असेल तर मालकाशी आधी बोलून ठेवा. नंबर १४ आकडी मिळतो, नोंदणीचा २ ने सुरू होतो आणि परवान्याचा १ ने.

आता दोन गोष्टी. राज्य निवडताना स्वयंपाकघर जिथे आहे ते राज्य निवडायचं, गिऱ्हाईक कुठलं आहे त्याच्याशी संबंध नाही. आणि अर्जात ई-कॉमर्स असा एक वेगळा व्यवसायप्रकार दिसतो, त्याला केंद्रीय परवाना लागतो. स्वतः केलेला माल स्वतःच्या वेबसाइटवर विकणाऱ्याने कोणता प्रकार भरायचा, हे अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडून लेखी विचारून घ्या. एजंट "सगळं टिक करून टाकू" म्हणतात, तसं करू देऊ नका.

जीएसटी ४० लाखांपर्यंत लागत नाही ना? मग त्याची काळजी आत्तापासून का करायची?

आपल्या भागातले निम्मे लोक इथेच अडकतात, म्हणून सावकाश वाचा.

मालाची विक्री कर्नाटकातल्या कर्नाटकात असेल तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, हे बरोबर. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला तर जीएसटी कायद्याच्या कलम २४ प्रमाणे नोंदणी सक्तीची होते, उलाढाल कितीही लहान असो. म्हणजे निपाणीच्या वहिनींनी पाचशेहून जास्त किलोमीटरवरच्या बेंगळुरूला चटणी पाठवली तर नोंदणी नको, आणि कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की लागणाऱ्या कागलला पाठवली तर हवी! चेष्टा वाटेल, पण कायद्याच्या लेखी कागल परराज्य आहे. लेक कोल्हापुरात दिलेली, व्याही गडहिंग्लजचे, बाजार अर्धा तिकडचा, तरी बिलावर ते आंतरराज्यच.

कंपोझिशन योजनेत कर कमी आणि कटकट कमी म्हणून कुणी सुचवेल. ती योजना आंतरराज्य विक्री करणाऱ्याला मिळत नाही, त्यामुळे कोल्हापूर, पुणे, मुंबई, गोवा हे तुमचं गिऱ्हाईक असेल तर ती बाजूलाच ठेवा.

मग वाटा दोन. पहिली, सुरुवातीला फक्त कर्नाटकात विकायचं. वेबसाइटच्या सेटिंगमध्येच हे बांधून टाकता येतं. कर्नाटकाचे पिनकोड ५६, ५७, ५८ आणि ५९ ने सुरू होतात. वूकॉमर्समध्ये (वेबसाइटवर दुकान मांडायचं सॉफ्टवेअर) डिलिव्हरीच्या विभागात पिनकोडचे पहिले आकडे आणि पुढे * हे चिन्ह असं भरलं की तेवढाच भाग उघडा राहतो, बाकीच्यांची ऑर्डरच पुढे सरकत नाही. बेळगाव, हुबळी-धारवाड, बेंगळुरू एवढ्यावर वर्षभर धंद्याचा अंदाज घ्यायला हरकत नाही. बेंगळुरूत आपल्याकडची नोकरदार पोरं ढिगाने आहेत आणि शेंगाचटणीला ती कधी नाही म्हणत नाहीत.

दुसरी वाट, नोंदणी करून टाकायची. नोंदणीला सरकारी फी नाही, पण रिटर्न भरणं आलं आणि त्यासाठी सीएची फी आली. ती दरमहा किती पडेल हे विचारून घ्या आणि मग ठरवा. माझं मत विचाराल तर, तुमच्याकडे विचारणा करणाऱ्यांत पुण्या-मुंबईचेच जास्त असतील तर पहिल्या वाटेवर वेळ घालवू नका. नोंदणी करा आणि मोकळे व्हा.

करच नसलेला माल तेवढा विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. पापड यात बसतो. मिठाईवर ५ टक्के कर आहे, आणि पाकीटबंद नमकीनवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ वर आला. तुमचा पदार्थ कोणत्या खान्यात बसतो ते सीएकडून कागदावर लिहून घ्या.

पाकिटावर काय काय छापायचं? आणि मराठीत छापलं तर चालेल?

पदार्थाचं नाव, घटक (वजनाने जास्त असलेला आधी), निव्वळ वजन, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत खायचं ती तारीख, बॅच नंबर, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन व ईमेल, एफएसएसएआयचं (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) चिन्ह व तुमचा १४ आकडी नंबर, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, सर्व करांसहित कमाल किंमत आणि तिच्याजवळ ग्रॅममागे किती पडते तो दर. बहुतेक पाकीटबंद पदार्थांना पोषणमूल्यांचा तक्ताही लागतो. शेंगदाणा, दूध, गहू असेल तर अ‍ॅलर्जीची सूचना हवीच. शेंगाचटणीच्या पाकिटावर "शेंगदाणे आहेत" लिहायला हसू येतं, तरी लिहा.

भाषेचं असं आहे. २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागतो, त्यासोबत हवी ती भाषा घालता येते. म्हणजे नुसती मराठी चालत नाही, जोडीला मराठी चालते. शिवाय २०२२ च्या कन्नड भाषा सर्वंकष विकास कायद्याला धरून कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये आदेश काढला, की राज्यात तयार होणाऱ्या मालाच्या पाकिटावर नाव आणि सूचना कन्नडमध्येही असाव्यात. तेव्हा एका पाकिटावर तीन भाषा आल्या. जागा पुरत नाही ही तक्रार खरी आहे. उपाय एवढाच की पुढच्या बाजूला तीन लिप्यांत नाव आणि ठिपका, मागच्या बाजूला इंग्रजी तपशील, आणि कौतुकाचा मजकूर ("आजीच्या हातची चव" वगैरे) सरळ कापून टाकायचा. कन्नड मजकूर शेजारच्या शाळेतल्या टीचरकडून वाचून घ्या, भाषांतराच्या अ‍ॅपवर सोडू नका.

स्वतः पाकीट भरणाऱ्याने वजनमाप खात्याकडेही काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत नोंदणी करायची असते. हे फार जणांना माहीत नसतं. आणि पाकिटावरचे हेच तपशील वेबसाइटवरच्या पदार्थाच्या पानावरही दिसले पाहिजेत.

वेबसाइट कशावर करायची? किती खर्च येतो?

संगणकाची आवड असलेला पोरगा-पोरगी घरात असेल तर वर्डप्रेस आणि त्यावर वूकॉमर्स. दोन्ही फुकट, खर्च फक्त नाव (डोमेन) आणि जागा (होस्टिंग) यांचा. नाव वर्षाला साधारण काही शे ते हजारभर रुपये. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाचा दर बघून हुरळू नका, दुसऱ्या वर्षाचा दर त्याच पानावर बारीक अक्षरात असतो. घरात तसं कुणी नसेल तर शॉपिफायसारखी तयार सेवा बरी. महिन्याला हजार-दोन हजारांच्या घरात जाते, पण अपडेट आणि सुरक्षेची डोकेदुखी त्यांची.

नाव लहान ठेवा, इंग्रजी स्पेलिंग फोनवर सांगता येईल असं. देवनागरीत .भारत असलेलं नावही २०१४ पासून मिळतं. दिसायला झकास, पण मोबाईलवर टाइप करणारे कमी, म्हणून ते जोडीला घ्या.

भाचा म्हणतो मी करून देतो. चालेल?

करू द्या, फक्त सगळं तुमच्या नावावर राहू दे. डोमेन, होस्टिंग, गुगल खातं, पेमेंटचं खातं, प्रत्येक ठिकाणी तुमचा ईमेल आणि तुमचा फोन नंबर. पासवर्ड वहीत लिहून कपाटात. डोमेन करून देणाऱ्याच्या नावावर राहतं, तो नोकरीला परदेशी जातो, नूतनीकरणाचा ईमेल त्याच्याकडे जातो आणि दिवाळीच्या तोंडावर साइट बंद. हे इतक्यांदा बघितलंय की आम्ही पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारतो. पैसे देऊन कंपनीकडून करून घेतलं तरी हाच नियम.

साइटची भाषा कोणती ठेवू?

गिऱ्हाईक ज्या भाषेत हुडकतं ती. पदार्थाचं नाव मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत लिहा: शेंगाची चटणी आणि शेंगा चटणी, कारळ आणि गुरेळ्ळू. गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झालं, पण बाहेरचे लोक अजून जुन्या स्पेलिंगने शोधतात. म्हणून "आमच्याबद्दल" पानावर दोन्ही नावं सहज येतील अशी वाक्यं करा. ऑर्डरची बटणं आणि परताव्याचे नियम साध्या इंग्रजीत ठेवले तर बेंगळुरूचं गिऱ्हाईक अडत नाही. यावरून कुणाशी वाद घालत बसू नका. चटणी विकायची आहे.

फोटो चांगले येत नाहीत.

मोबाईल पुरतो. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीजवळ, ट्यूबलाइट बंद करून, सुती कापडावर. स्टीलच्या ताटात सगळी खोली दिसते, त्यापेक्षा परात किंवा मातीचं भांडं घ्या. पाकिटाचा एक, पदार्थाचा जवळून एक, आणि हातात धरलेला एक, म्हणजे आकार कळतो. दुसऱ्याच्या साइटवरचे फोटो उचलू नका.

पैसे कसे घ्यायचे? फसवणूक होत नाही ना?

पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवरच पैसे घेऊन तुमच्या खात्यात जमा करणारी सेवा, लावा. पॅन, बँक खातं, अन्ननोंदणीचा नंबर लागतो, आणि साइटवर संपर्क, परतावा, डिलिव्हरी, गोपनीयता ही पानं नसतील तर अर्ज परत येतो. कार्डावर साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी असं कापून पैसे दोन-तीन कामाच्या दिवसांत जमा होतात. कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला नकोच. गिऱ्हाइकाने दार उघडलं नाही तर जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं तुमच्या अंगावर आणि परत आलेली भाकरी गाईला.

फसवणुकीचा एक प्रकार आपल्याकडे फार खपतो. फोन येतो: "आर्मीतून बोलतोय, युनिटसाठी पन्नास पाकिटं हवीत, पैसे आत्ता पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." कँपात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर असल्यामुळे बेळगावात कुणालाही हे खरं वाटतं. लक्षात ठेवा, पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

पार्सल कशाने पाठवू?

स्पीड पोस्ट खेड्यापाड्यांत सगळीकडे पोचतं, कुरिअर शहरांत लवकर. जांबोटी, कणकुंबीकडच्यांनी घरून पार्सल उचलायला कुणी येईल याची आशा धरू नये, बेळगावात आणून देणं हिशेबात धरावं. बसने पार्सल स्वस्त पडतं, पण सीमेवर वातावरण तापलं की एसट्या थांबतात. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तेच झालं. कोल्हापूर-पुण्याची ऑर्डर निव्वळ बसच्या भरवशावर घेऊ नका.

कुरिअरवाले वजनासोबत खोक्याचा आकारही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं, येईल तो आकडा किलोत, आणि दोन्हींतला मोठा धरायचा. अर्धा किलो कडक भाकरी २५ × २५ × १२ च्या खोक्यात भरली तर भाडं दीड किलोचं लागतं. म्हणून भाकरीचा खोका भाकरीएवढाच घ्या: तळाला पुठ्ठा, दोन-दोन भाकऱ्यांमध्ये कागद, वरच्या फटीत चटणीची पाकिटं दाबून बसवलेली. खोका बंद करून कानाशी हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर उघडून परत भरा.

दर कसा ठरवू?

शेंगदाणे, मिरची, गॅस, पाकीट, लेबल सगळ्या जणी धरतात. आपली मजुरी कुणी धरत नाही. ती धरा, कारण उद्या ऑर्डरी वाढून मदतीला बाई ठेवाल तेव्हा तिला पैसे द्यावेच लागणार. आणि एक पाकीट एकटं विकू नका. समजा पाव किलो चटणी १५० रुपये आणि भाडं ७०. गिऱ्हाइकाला ते भाडं टोचतं. तीन चटण्यांचा संच केला तर भाडं थोडंच वाढतं आणि संचात विरघळून जातं.

फुटलं, खराब निघालं तर?

फोटो मागवा, पैसे परत द्या किंवा नवीन पाठवा, माल परत मागवू नका. "आवडलं नाही" याला परतावा नाही, हे आधीच लिहून ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटवर तक्रार बघणाऱ्या व्यक्तीचं नाव व संपर्क द्यायचा असतो, तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत कळवायचं आणि महिन्याच्या आत निकाली काढायची. घरगुती धंद्यात ती व्यक्ती म्हणजे तुम्हीच.

सरकारी मदत काही मिळते?

लहान उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी आधारवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या साइट सरकारी नव्हेत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान योजनेत यंत्रसामग्रीवर ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवलं होतं, आणि त्यात 'एक जिल्हा, एक उत्पादन' म्हणून बेळगाव जिल्ह्यासाठी गूळ ठरवला होता. सध्या अर्ज घेतात का ते कृषी खात्यात विचारा. मात्र अनुदान मिळेल म्हणून मोठं यंत्र आधी घेऊ नका.

दिवाळीत ऑर्डरी झेपेनात तर?

रोज किती होतं तो आकडा साइटवर साठा म्हणून भरा, तेवढं संपलं की बटण आपोआप बंद होतं. दूरच्या गावांसाठी ऑर्डरची शेवटची तारीख धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधीची ठेवा आणि ती पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लावा. त्यानंतरचे फोन येतातच. "अक्का, आमच्यापुरतं बघा की" म्हणणाऱ्यांना घरी येऊन घेऊन जायला सांगा.